ग्लॅडीने क्षमा केली : संत क्लॉडीन थेवेने यांचे जीवन



३ फेब्रुवारी ही तारीख आपल्या लक्षात असते ती संत ब्लेझमुळे. त्या दिवशी मिस्सा संपल्यावर गळ्याशी दोन मेणबत्त्या धरून आशीर्वाद घेण्यासाठी रांग लागते. एरवी रविवारीही न दिसणारी काही मंडळी त्या दिवशी खोकत खोकत येतात आणि आम्हाला त्यांना पाहून आनंदच होतो. परंतु याच तारखेला ख्रिस्तसभा आणखी एका संत स्त्रीचे स्मरण करते, आणि तिचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तिचे नाव संत क्लॉडीन थेवेने. गंमत अशी की तिने लावलेल्या झाडाची फळे आपल्यातील कितीतरी आयांनी आणि आज्यांनी चाखली आहेत. पुण्याला किंवा मुंबईत भायखळ्याच्या क्लेअर रोडवर, फोर्टमध्ये 'जीझस अँड मेरी' कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली एखादी बाई आपल्या ओळखीत असेलच.

दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत पालक बाप्तिस्म्याचा दाखला आणि शिफारसपत्र मागायला आमच्याकडे येतात. ठाण्यात, कल्याणला, डोंबिवलीत, कुठेही असो, मुलीला कॉन्व्हेंटमध्ये प्रवेश मिळाला पाहिजे हीच तळमळ असते. कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी, शिस्त, पांढरे बूट आणि चांगला निकाल. यात वाईट काही नाही. पण कॉन्व्हेंट हा शब्द मुळात कुठून आला, अशा शाळा कोणी आणि कशासाठी काढल्या, हे आपण कधी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते. पुण्याला जाणे-येणे होत असताना त्या जुन्या शाळेच्या भिंतीवरून आम्ही अनेकदा गेलो, पण त्या नावामागे कोणाचे दुःख आहे हे कळायला बराच काळ जावा लागला.

क्लॉडीनचा जन्म ३० मार्च १७७४ रोजी फ्रान्समधील लिओं या शहरात झाला. दुसऱ्याच दिवशी सेंट निझिए चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. वडील फिलिबेर रेशमाचे व्यापारी होते. सात भावंडांत ती दुसरी. घरात सगळे तिला ग्लॅडी म्हणत. नऊ वर्षांची झाल्यावर तिला बेनेडिक्टाईन भगिनींच्या सेंट पिएर मठात शिकायला पाठवण्यात आले. वाचन-लेखन, शिवणकाम, घराचा हिशेब, प्रार्थना असे त्या काळच्या सुखवस्तू घरातील मुलीचे शिक्षण तिला मिळाले. हे सर्व पैसेवाल्यांसाठी होते, हे येथे लक्षात ठेवायचे.

लिओं शहराबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही. रोन आणि सोन या दोन नद्यांच्या संगमावरचे हे शहर युरोपात रेशमासाठी प्रसिद्ध होते. आपल्या शेजारच्या भिवंडीत ज्यांनी मागांचा खडखडाट ऐकला आहे, पहाटेपासून कांड्या भरणारी मुले पाहिली आहेत, त्यांनी ते चित्र डोळ्यांसमोर आणावे. लिओंमध्ये तेव्हा माग हाताने चालत. विणकर आपल्या घरातच मागाशेजारी झोपत, आणि रीळ फिरवायला, दोरे ओढायला लहान मुले-मुली कामाला ठेवत. राजवाड्यांतील पडदे त्या मुलांच्या हातून तयार होत आणि त्या मुलांना अक्षरओळख नसे.

क्लॉडीन पंधरा वर्षांची असताना, १७८९ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांती झाली. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना या क्रांतीचा अभ्यास आम्ही कल्पनांचा इतिहास म्हणून केला. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द आपल्या देशाच्या घटनेच्या प्रारंभीही आहेत आणि आम्हाला ते प्रिय आहेत. त्या काळच्या फ्रान्समध्ये धर्मसभेचे मोठे अधिकारी ऐषारामात राहत होते आणि गरिबांचा राग उगाच नव्हता, हेही आम्ही मान्य करतो. परंतु कल्पना पुस्तकातून रस्त्यावर उतरते तेव्हा तिच्यासमोर माणसे उभी असतात. लिओंमध्ये ती माणसे ग्लॅडीचे भाऊ होते.

१७९३ च्या मे महिन्यात लिओंने पॅरिसच्या सत्तेविरुद्ध बंड केले. पॅरिसहून सैन्य आले आणि दोन महिने शहराला वेढा पडला. वडील धाकट्या मुलांना घेऊन आधीच बाहेरगावी नातेवाइकांकडे गेले होते आणि आता परत येऊ शकत नव्हते. घरात आई आणि ग्लॅडी. लुई आणि फ्रांस्वा हे दोघे भाऊ, विशीच्या आसपासचे, शहराच्या बचावासाठी लढत होते. एका मोठ्या लढाईनंतर ते परतले नाहीत, तेव्हा एकोणीस वर्षांची ग्लॅडी प्रेतांमध्ये त्यांना शोधत फिरली. त्या वेळी ते जिवंत होते. पण ९ ऑक्टोबरला शहर पडले आणि त्या दोघांना अटक झाली.

शहराला शिक्षा म्हणून त्याचे नावच पुसून टाकायचे, श्रीमंतांची घरे पाडायची असा ठराव पॅरिसमध्ये झाला. शिक्षा अमलात आणायला दोघे जण आले. एक कोलो देर्ब्वा, पूर्वी नाटकात काम करणारा नट. दुसरा जोसेफ फूशे. हा फूशे कोण होता हे वाचले तेव्हा आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. तो ऑरेटोरियन धर्मगुरूंच्या शाळांमध्ये विज्ञान शिकवणारा शिक्षक होता. म्हणजे आपल्याच शाळांत शिकवलेला, बुद्धिमान, वर्गात मुलांसमोर उभा राहिलेला माणूस. या दोघांच्या हुकमाने ब्रोतो नावाच्या मैदानावर कैद्यांना साखळीने बांधून उभे केले गेले आणि त्यांच्यावर तोफा डागल्या गेल्या. गिलोटिन पुरेनासा झाला म्हणून ही व्यवस्था. काही महिन्यांत दीड हजारांहून अधिक माणसे मारली गेली. नुसते शिक्षण माणसाला माणूस करते असे आम्हीही व्यासपीठावरून बोलतो. फूशेचे नाव आठवले की ते वाक्य आमच्या तोंडात अडखळते.

ग्लॅडी रोज तुरुंगाच्या वाटेवर जाऊन उभी राहत असे. ५ जानेवारी १७९४ च्या सकाळी बाहेर काढलेल्या कैद्यांच्या रांगेत तिला तिचे दोघे भाऊ दिसले. ती रांगेबरोबर चालत राहिली. गर्दीतून भावांनी तिला निरोप दिला, तो एवढाच, की आम्ही क्षमा करतो आहोत तशी तूही क्षमा कर. त्यानंतर गोळ्या झाडण्यात आल्या. पहिल्या गोळीने दोघांचा जीव गेला नाही, आणि पुढे जे झाले तेही तिने पाहिले.

येथे संतचरित्रे पुष्कळदा घाई करतात. तिने क्षमा केली आणि मग ती धर्मभगिनी झाली, असे दोन ओळींत उरकतात. वास्तविक या दोन गोष्टींमध्ये चोवीस वर्षे आहेत. त्या दिवसापासून क्लॉडीनची मान सतत थरथरू लागली. तो कंप मरेपर्यंत गेला नाही. श्वासाचाही त्रास राहिला. तिच्या मनाने जे सोडून दिले ते तिच्या शरीराने धरून ठेवले, असे म्हणावे लागते.

आमच्याकडे माणसे येऊन सांगतात, फादर, मला क्षमा करता येत नाही. भावाने जागा स्वतःच्या नावावर करून घेतली, सुनेने बोलणे टाकले, नवऱ्याने फसवले. आणि पुढे असेही म्हणतात, की आठवण आली की अजून छाती धडधडते, म्हणजे माझी क्षमा खोटीच ना? तत्त्वज्ञानाच्या वर्गात इच्छा आणि भावना यांतील भेद आम्हाला शिकवला गेला होता आणि परीक्षेत आम्ही तो व्यवस्थित लिहिलाही होता. पण तो भेद आम्हाला खऱ्या अर्थाने समजला क्लॉडीनच्या थरथरणाऱ्या मानेमुळे. तिने क्षमा केली होती, आणि तिची छातीही धडधडत होती. दोन्ही खरे होते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोज क्षमेबद्दल जे म्हणतो, ते तिने रोज सकाळी नव्याने म्हटले असणार.

त्या चोवीस वर्षांत तिने काय केले? बाहेरून पाहता फार काही नाही. आईवडिलांजवळ राहिली, लग्न केले नाही, आजाऱ्यांना भेटली, गरीब विणकरांच्या घरी गेली. क्रांतीच्या काळात चर्च बंद पडली होती, धर्मगुरू लपून राहत होते, शाळा उद्ध्वस्त झाल्या होत्या. एक संपूर्ण पिढी प्रार्थना आणि अक्षर या दोन्हींवाचून वाढली. ज्यांनी तिच्या भावांना मारले त्या शिपायांची, त्यांना टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीची मुले आता रस्त्यावर होती. क्लॉडीन त्या रस्त्यांवरून जात असे.

१८१५ साली सेंट ब्रुनो धर्मग्रामात आंद्रे क्वांद्र नावाचे तरुण सहायक धर्मगुरू आले. त्यांना सेंट निझिए चर्चच्या दाराशी दोन लहान मुली थंडीने काकडत बसलेल्या आढळल्या. टाकून दिलेल्या असाव्यात. ते दोघींना घेऊन क्लॉडीनकडे आले. ज्या चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला त्याच चर्चच्या दारातील या मुली. तिने कोणाच्या, कुठल्या, असे विचारत वेळ घालवला नाही. आधी त्यांना घरात घेतले. आम्हीही धर्मग्रामाचे सेवक आहोत, म्हणून येथे एक गोष्ट कबूल करतो. चर्चच्या दाराशी बसलेल्या मुलांना आम्ही बहुधा पाच-दहा रुपये देतो किंवा सॅक्रिस्तानला सांगून बाजूला करतो. फादर क्वांद्र यांना त्या दिवशी आपण या मुलींना कोणाकडे न्यायचे हे माहीत होते. प्रत्येक धर्मग्रामात असे एक घर असले तर धर्मगुरूचे अर्धे काम होते.

दोन मुलींच्या आणखी मुली झाल्या. ३१ जुलै १८१६ रोजी क्लॉडीन आणि तिच्या मैत्रिणींनी मिळून एक मंडळ स्थापन केले आणि तिला अध्यक्ष निवडले. आजच्या भाषेत ते आपल्या महिला मंडळासारखेच म्हणावे. मुलींसाठी 'प्रॉव्हिडन्स' नावाचे आश्रयगृह सुरू झाले. दोन वर्षांनी, पुन्हा ३१ जुलैलाच, फादर क्वांद्र यांनी या स्त्रियांना सांगितले की आता एकत्र राहून व्रतस्थ संघ स्थापन करायची वेळ आली आहे. क्लॉडीन तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. आमच्याच वयाची. या वयात माणसाला घराची, खुर्चीची, औषधाच्या वेळेची सवय झालेली असते हे आम्ही अनुभवाने सांगतो.

५ ऑक्टोबर १८१८ च्या संध्याकाळी तिने म्हाताऱ्या आईचा निरोप घेतला. आईचे अश्रू तिला सहन झाले नाहीत. क्र्वा-रूस टेकडीवर, जेथे विणकरांची वस्ती होती तेथे, एका भाड्याच्या घरात तिने रात्र काढली. घरात एक माग होता, एक कामगार स्त्री होती आणि एक अनाथ मुलगी होती. संस्था म्हणावी तर एवढीच. ती रात्र आपल्या आयुष्यातील अतिशय वाईट रात्रींपैकी होती, आपण एका वेड्या, उद्धट साहसात पडलो आहोत, त्याला यश येईल याची काही खात्री नाही, असे तिला वाटत राहिले, हे तिने पुढे स्वतः सांगितले. दुसऱ्या दिवशी, ६ ऑक्टोबरला, येशू आणि मरीयेच्या भगिनींची संस्था सुरू झाली.

१८२० मध्ये या भगिनी फूर्विएर टेकडीवर, पवित्र मरीयेच्या प्रसिद्ध तीर्थस्थानासमोरच्या जागेत गेल्या. लिओंचे लोक म्हणतात की त्यांच्या शहरात एक टेकडी काम करते आणि दुसरी प्रार्थना करते. या भगिनींनी काम करणाऱ्या टेकडीवरून माग उचलून प्रार्थना करणाऱ्या टेकडीवर नेला. मुली रेशीम विणायला शिकत, शिवणकाम, घरकाम, हिशेब, वाचन आणि धर्मशिक्षण घेत. मोठ्या झाल्यावर कोणाच्या दारात हात पसरावा लागू नये, कोणाच्या वाईट हेतूला बळी पडू नये, म्हणून हातात एक कसब असावे हा विचार होता. त्याच आवारात सधन घरांतील मुलींसाठी निवासी शाळाही होती. क्लॉडीन यांना दोन्ही मुली आपल्याच वाटत. पण पक्षपात करायचाच झाला तर तो सर्वात गरीब, सर्वात खोडकर, जिच्यात सर्वात जास्त दोष आहेत तिच्या बाजूने करावा, अशी त्यांची भगिनींना ताकीद असे. मुलींशी आईसारखे वागा, शिक्षा करण्याची वेळच येऊ नये इतके लक्ष ठेवा, असे त्या सांगत. त्यांच्या मते देवाला न ओळखता जगणे आणि मरणे यापेक्षा मोठे दुर्दैव माणसाच्या वाट्याला येऊ शकत नाही. ब्रोतोच्या मैदानावर बंदुका धरलेली माणसेही त्यांना अशीच दुर्दैवी वाटली असतील काय? आम्हाला तसे वाटते. शाळा ही त्यांची क्षमा होती. आपल्या भावांना मारणाऱ्यांच्या शहरात त्यांनी त्या शहराच्या मुली वाढवल्या.

२५ फेब्रुवारी १८२३ रोजी त्यांनी काही भगिनींसह व्रते घेतली आणि मदर मेरी सेंट इग्नेशियस हे नाव धारण केले. पुढची वर्षे सोपी नव्हती. १८२६ मध्ये फादर क्वांद्र वारले, तेही चाळिशीच्या आत. पहिल्या सोबतिणी एकेक करून गेल्या. १८३१ मध्ये आणि पुन्हा १८३४ मध्ये लिओंच्या विणकरांनी मजुरीसाठी उठाव केला आणि लष्कराने तो चिरडला. शेकडो माणसे मेली. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी ऐकलेला तोफांचा आवाज मदरना साठाव्या वर्षी त्याच शहरात पुन्हा ऐकावा लागला, आणि या वेळी मरणारे लोक त्यांच्या मुलींचे बाप आणि भाऊ होते.

शेवटचा घाव मात्र घरातूनच आला. जानेवारी १८३७ मध्ये मदर अंथरुणाला खिळल्या. त्यांना शेवटचे संस्कार देण्यासाठी आलेल्या धर्मगुरूंनी, सर्व भगिनींसमक्ष, त्यांना कठोर शब्दांत दोष दिला. संत होण्याइतकी कृपा तुम्हाला मिळाली होती, पण तुम्ही संस्थेच्या प्रगतीत अडथळा झालात, असा त्या बोलण्याचा आशय. या धर्मगुरूंना संस्थेचे नियम आपल्या मनाप्रमाणे हवे होते आणि मदरनी ते होऊ दिले नव्हते. मरणासन्न स्त्रीच्या उशाशी पवित्र तेल हातात घेऊन कोणी असे बोलू शकते, हे वाचून आम्हाला त्या धर्मगुरूंची लाज वाटली, आणि मग रुग्णांच्या घरी घाईत आमच्या तोंडून गेलेले काही शब्दही आठवले. मदरनी उत्तर दिले नाही. लवकरच त्यांची वाचा गेली. ३ फेब्रुवारी १८३७ रोजी दुपारी तीनच्या सुमारास त्यांनी प्राण सोडला. जाण्याआधी त्यांच्या ओठांतून जे शब्द कळले ते देव किती चांगला आहे एवढेच सांगणारे होते. त्या बासष्ट वर्षांच्या होत्या.

त्या गेल्या तेव्हा त्यांच्या संस्थेची घरे फ्रान्सबाहेर नव्हती. पण पाचच वर्षांत, १८४२ मध्ये, आग्र्याच्या कापुचिन बिशपांच्या विनंतीवरून सहा भगिनी लिओंहून निघाल्या. सुएझ कालवा तेव्हा व्हायचा होता. त्यांच्या प्रमुख होत्या मदर तेरेझा मोत. महिनोन् महिने प्रवास करून त्या आग्र्याला पोहोचल्या आणि त्यांनी तेथे मुलींची शाळा काढली. त्या काळी आपल्या देशात मुलीने पाटी हातात धरणे हीच मोठी गोष्ट होती. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिबा फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली ती १८४८ मध्ये. त्याच पुण्यात १८६० साली येशू-मरीयेच्या भगिनींचे कॉन्व्हेंट उभे राहिले. कॅम्पातील त्या शाळेत सुरुवातीला युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलींचीच वर्दळ असे, आणि सावित्रीबाईंनी ज्या मुलींसाठी शेणगोळे सोसले त्या मुली तेथे पोहोचायला बराच काळ लागला, हेही लपवू नये. क्लॉडीन यांच्या टेकडीवर माग आधी आला होता, निवासी शाळा नंतर. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हा क्रम उलटा झाला.

परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी क्लॉडीन यांना ४ ऑक्टोबर १९८१ रोजी धन्य आणि २१ मार्च १९९३ रोजी संत म्हणून घोषित केले.

येत्या ३ फेब्रुवारीला गळ्याचा आशीर्वाद नेहमीप्रमाणे संध्याकाळच्या मिस्सानंतर होईल. त्या मिस्सात आम्ही संत क्लॉडीन यांचे नाव घेणार आहोत. ज्यांच्या घरात कोणाशी बोलणे बंद आहे त्यांनी, जमल्यास, त्या व्यक्तीचे नाव मनात घेऊन यावे. छाती धडधडत असली तरी चालेल. आणि दाराशी बसणाऱ्या त्या दोन मुलींची चौकशी करायला कोणी दोघी-तिघी तयार असतील, तर मिस्सानंतर कार्यालयात आम्हाला भेटावे.